एचसीएम असलेल्या भावाला अब्लेशन सांगितलंय. एक डॉक्टर हो म्हणतात, एक नको (सांगली)

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

माझा थोरला भाऊ, वय ४६. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे, ती तोच बघतो. सहा वर्षांपूर्वी विम्यासाठी तपासणी केली तेव्हा इकोमध्ये हृदयाचा मधला पडदा जाड निघाला, २२ मिलीमीटर. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे एचसीएम. रक्तातून येतो म्हणाले. गोळी सुरू झाली. त्रास काहीच नव्हता, त्यामुळे आम्ही विसरूनही गेलो.

गेल्या दिवाळीपासून मात्र धडधड सुरू झाली. सौद्यात उभा असताना एकदम ठोके १५०-१६०, तेही वेडेवाकडे, घाम, धाप. एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे एएफ असं निदान झालं. दोनदा ॲडमिट. दुसऱ्या वेळी भूल देऊन, शॉक देऊन ठोके जागेवर आणले. अमिओडॅरोन दिली, तर काही महिन्यांत थायरॉइड बिघडलं. आता पुण्याचे डॉक्टर म्हणतात अब्लेशन करून घ्या, म्हणजे तार घालून हृदयातली बिघडलेली जागा निकामी करायची. इथले आमचे नेहमीचे डॉक्टर, ज्यांच्यावर दादाचा देवासारखा विश्वास, त्यांनी मागेच सांगितलंय की याला अब्लेशनची गरज नाही. कुणाचं ऐकायचं?

पाहुण्यांचं तर विचारूच नका. एक काका म्हणाले, त्यापेक्षा अँजिओप्लास्टी करून टाका, आमच्यात सगळ्यांनी केलीय.

या आजारात अब्लेशनचा उपयोग होतो का? कुणी करून घेतलंय का? एकदा केलं की सुटलो, असं असतं का?

वडील ४८ व्या वर्षी गेले, उसाच्या फडात, तोड चालू असताना. तेव्हा सगळे अटॅक म्हणाले. संबंध असेल-नसेल, सांगून ठेवतो.

भडंगप्रेमी

अजिबात काळजी करू नका. आमच्या मंडळींचं दोन वर्षांपूर्वी झालं. सकाळी आत नेलं, दुपारी चहा मागितला, दुसऱ्या दिवशी मिरजेला घरी. त्यानंतर एक गोळी नाही. डोळे झाकून करा.

मिरजजंक्शन

डोळे झाकून काहीही करू नका. हल्ली कुणाचं जरा धडधडलं की घाल तार. आमच्या चुलत्यांना हाच त्रास होता, अर्जुनसालीचा काढा घेतात, ठणठणीत आहेत. हृदय आतून भाजायचं म्हणजे काय खेळ आहे का? पुण्याला गेलात की बिल बघूनच धडधड वाढेल.

शेरीनाला

मिरजजंक्शन, तुमच्या गाडीला ब्रेक आहे का नुसता हॉर्न? :)

कॅथलॅबकाका

मी मूळचा तासगावचा. पुण्यात कॅथलॅबमध्ये, म्हणजे शिरेतून तार घालून हृदयावर उपचार करतात त्या खोलीत, तंत्रज्ञ म्हणून अकरा वर्षं काम करतोय. डॉक्टर नाही, हे आधीच लिहितो. पण टेबलाशेजारी उभं राहून जे रोज बघतो ते सांगतो.

भडंगप्रेमी, वहिनींना बहुधा एसव्हीटी असणार. तिथं जन्मतःच एक जादा वाट असते, वीज त्यातून गोल फिरते. ती वाट सापडली की तारेच्या टोकानं तेवढीच जागा तापवायची, विषय संपला. शंभरात पंच्याण्णवच्या वर लोक बरे होतात. त्या अनुभवावरून धागाकर्त्यांच्या भावाला सल्ला देता येणार नाही. नाव एक, प्रकरण वेगळं.

एचसीएममध्ये खालचा कप्पा जाड आणि ताठ होतो. तो नीट सैल पडत नाही, म्हणून वरच्या डाव्या कप्प्याला प्रत्येक ठोक्याला जोर लावून रक्त आत ढकलावं लागतं. वर्षानुवर्षं हे चाललं की वरचा कप्पा ताणून मोठा होतो, त्याच्या भिंतीत व्रण धरतात. मग वीज एका वाटेनं न जाता रान पेटल्यासारखी कुठूनही कुठे पळते. एचसीएम असलेल्या दर चार-पाच जणांत एकाला कधी ना कधी एएफ गाठतोच. तेव्हा तुमच्या दादाचं काही जगावेगळं झालेलं नाही.

आता अब्लेशन. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं की एएफची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. त्या शिरा डाव्या वरच्या कप्प्यात उघडतात. म्हणून जांघेतल्या शिरेतून तार वर न्यायची, दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक भोक पाडून डावीकडे जायचं, आणि त्या शिरांच्या तोंडाभोवती बांध घालायचा. आपल्या रानातला बांध असतो तसाच. ठिणगी आत पडली तरी बाहेर येऊ नये. तारेच्या टोकाशी पेशी ५० अंशांच्या वर तापल्या की त्यांची वीज वाहायची ताकद कायमची जाते. काही ठिकाणी तापवण्याऐवजी गोठवणारा फुगा वापरतात. आणि विजेच्या अतिसूक्ष्म झटक्यांनी पेशी मारायची नवी पद्धत आली आहे, तिला अमेरिकेत २०२३ च्या डिसेंबरात पहिली मंजुरी मिळाली.

पण पावसात बांध फुटतो की नाही? तसा इथेही फुटतो. शिवाय एचसीएमवाल्यांत ठिणग्या शिरांच्या बाहेरूनही पडतात, कारण सगळी भिंतच खराब झालेली असते. त्यामुळे एकदा केल्यावर वर्ष-दोन वर्षं एएफ परत न आलेले लोक निम्म्याच्या आसपास, किंवा त्याहून थोडे कमी. बऱ्याच जणांना दुसऱ्यांदा करावं लागतं. एरवी निरोगी हृदय असलेल्यापेक्षा निकाल कमीच. वरचा कप्पा फार मोठा झाला नसेल आणि एएफ येऊन-जाऊन असेल, कायमचा मुक्कामाला आला नसेल, तर शक्यता बरी. मग करायचंच कशाला? कारण एचसीएमवाल्याला एएफ सोसत नाही. ताठ कप्प्याला भरायला वेळ लागतो, ठोके पळायला लागले की तो वेळच मिळत नाही. आणि अमिओडॅरोन तुमच्याकडे आधीच बाद झालीय.

धोकाही लिहितो. हृदयाभोवती रक्त साठणं, पक्षाघात, जांघेत रक्ताची गाठ. पहिले दोन क्वचित, पण होतात. तिसरं बऱ्यापैकी दिसतं.

दोन प्रश्न. रक्त पातळ करणारी गोळी, गुठळी होऊ नये म्हणून देतात ती, चालू आहे ना? आणि वडील ४८ व्या वर्षी अचानक गेले हे पुण्याच्या डॉक्टरांना सांगितलंय का?

भडंगप्रेमी

काका, बरोबर, कागद काढून बघितला, एसव्हीटीच लिहिलंय. माझा 'डोळे झाकून' मागे घेतो.

शेरीनाला

अब्लेशन अल्कोहोलनं पण करतात म्हणे. आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी सात वाजता सामूहिक कार्यक्रम असतो, कुणाला काही फरक नाही.

कॅथलॅबकाका

शेरीनाला, हसलो खरा, पण बरं झालं विषय काढलात. ते अगदी वेगळं. एचसीएममध्ये काहींचा पडदा इतका फुगतो की रक्त बाहेर पडायची वाटच अडते. त्या अडथळ्याचा दाब ५० च्या वर गेला आणि औषधांनी धाप थांबली नाही, तर पडद्याला रक्त पुरवणाऱ्या एका बारीक धमनीत एक ते तीन मिली शुद्ध अल्कोहोल सोडतात. तेवढा भाग मरतो, आकसतो, वाट मोकळी होते. उलरिख सिग्वार्ट यांनी १९९४ मध्ये लंडनमध्ये हे पहिल्यांदा केलं. त्याला सेप्टल अब्लेशन म्हणतात. त्याचा एएफच्या अब्लेशनशी संबंध नाही. नाव तेवढं सारखं, एका गावात दोन पाटील असावेत तसं.

शेरीनाला

तीन मिली? एवढ्यानं आमच्याकडं कुणाचा ओठ भिजत नाही.

कृष्णाकाठ

काका, तुमचा प्रतिसाद वाचला आणि तसाच उठून दादाच्या घरी फाईल बघायला गेलो. आमच्या इथल्या डॉक्टरांच्या कागदावर, तीन वर्षांपूर्वीच्या, लिहिलंय: 'नो ऑब्स्ट्रक्शन. सेप्टल अब्लेशन नॉट इंडिकेटेड.' म्हणजे ते त्या दुसऱ्याच अब्लेशनबद्दल बोलत होते! तेव्हा तर एएफ सुरूही झाला नव्हता. दादानं 'अब्लेशन नको' एवढंच डोक्यात धरलं आणि पुण्याच्या डॉक्टरांना तेच सांगून आला. तीन महिने आम्ही दोन डॉक्टरांचं भांडण म्हणून डोक्यावर घेऊन फिरतोय आणि भांडणच नाही.

आज संध्याकाळी इथल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, एएफसाठी असेल तर जाऊन या की. मी कधी नको म्हटलं?"

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ॲसिट्रॉम. वडिलांचं सांगितलंय का ते विचारून सांगतो.

हरिपूररोड

ॲसिट्रॉमवरून आठवलं. आमच्या वडिलांनाही एचसीएम आणि एएफ दोन्ही होतं. त्यांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी परस्पर बंद केली. पालेभाजी आवडायची, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, सारखा खालीवर व्हायचा, दर पंधरा दिवसांनी रक्त द्यायचा कंटाळा. गोळी सोडल्यावर तिसऱ्या आठवड्यात सकाळी चहाचा कप हातातून पडला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. चार वर्षं मी त्यांना भरवलं.

मिरजजंक्शन, तुमच्या चुलत्यांनी काढा जरूर घ्यावा, पण गोळीऐवजी घेत असतील तर आज रात्री त्यांना फोन करा.

मिरजजंक्शन

केला फोन. ते म्हणतात दोन्ही घेतात. पण काढ्याचं डॉक्टरांना सांगितलेलं नाही. सांगा म्हटलं. वडिलांचं वाचून वाईट वाटलं.

कॅथलॅबकाका

हरिपूररोड, मनापासून वाईट वाटलं. इतर एएफवाल्यांत वय, साखर, बीपी असे गुण मोजून गोळी द्यायची की नाही ठरवतात. एचसीएम असेल तर ती मोजामोजीच नाही, एएफ एकदा दिसला की गोळी. अब्लेशन यशस्वी झालं तरी सहसा चालूच. आयएनआर दोन ते तीनमध्ये ठेवायचा. पालेभाजी सोडायची नाही, रोज साधारण तेवढीच खायची. आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्याही आल्यात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

यवतेश्वर

उशिरा आले धाग्यावर. मी सातारची. माझा आजार वेगळा, पण दोन्ही आजार चुलत भावंडंच म्हणायचे.

मला एआरव्हीसी आहे. यात हृदयाच्या उजव्या कप्प्याचा स्नायू हळूहळू जाऊन त्या जागी चरबी आणि तंतू येतात. हाही घराण्यातूनच. मी पळायचे. यवतेश्वरच्या घाटातून कासच्या रस्त्यानं वर, आठवड्यातून चार दिवस. पस्तिसाव्या वर्षी सातारच्या हिल मॅरेथॉनची तयारी करत होते. सरावात एका वळणावर बसले आणि नंतरचं काही आठवत नाही. एक दूधवाला गाडी थांबवून मला खाली घेऊन आला. त्याचे उपकार मी अजून फेडतेय, दूध त्याच्याकडूनच घेते.

गावातल्या एका दवाखान्यात 'उपाशी पळत असाल' म्हणून ग्लुकोज लावून घरी पाठवलं. दोन महिन्यांनी पुन्हा पडले. तेव्हा कुणीतरी नशिबानं ईसीजी त्याच वेळी काढला. व्हीटी, म्हणजे खालच्या कप्प्यातून येणारे जीवघेणे जलद ठोके. छातीत आयसीडी बसवलं, म्हणजे ठोके जीवघेणे झाले की आतून शॉक देणारं मशीन. शॉक म्हणजे काय ते विचारू नका. बैलानं छातीत ढुशी द्यावी तसं. एका रात्री सात बसले. पुण्याला नेताना खंबाटकी घाटात दोन. मी नवऱ्याला म्हणाले, हे मशीन काढून टाक, मेले तरी चालेल.

मग अब्लेशन झालं. माझ्या आजारात व्रण हृदयाच्या बाहेरच्या अंगाला जास्त असतात. आतून भाजून पुरत नाही. म्हणून छातीच्या हाडाखालून सुई घालून हृदयाच्या पिशवीत शिरले आणि बाहेरूनही केलं. डॉक्टरांनी सांगितलं की ही वाट ब्राझीलच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये शोधली, तिथल्या चागास नावाच्या आजारासाठी. साडेपाच तास लागले. त्याला तीन वर्षं झाली, त्यानंतर एकच शॉक.

पण नीट वाचा: मशीन निघालेलं नाही. अब्लेशननं माझे शॉक कमी झाले. मरण टाळायचं काम अजून मशीनच करतं. इथे वर 'सुटलो' हा शब्द वापरलाय म्हणून लिहितेय.

आणि पळणं बंद. दमछाकीचा व्यायाम एआरव्हीसीत आजारच वाढवतो. आता सकाळी सातारच्या चार भिंती टेकडीपर्यंत चालते. पहिलं वर्ष कुणी पळताना दिसलं की रडू यायचं. आता पळणाऱ्यांचे बूट चुकीचे आहेत का ते बघते.

भडंगप्रेमी

_/\_ ताई. दंडवत.

पंचगंगा

कोल्हापूरकर घुसतोय, माफ करा. आम्ही फुटबॉलवाले. २६ जून २००३ ला कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फो मैदानावर कोसळला तो सामना मी रात्री टीव्हीवर बघत होतो. फ्रान्समधल्या ल्योंला, कॉन्फेडरेशन्स कपची सेमीफायनल, समोर कोलंबिया. आसपास कुणीही नव्हतं, धक्का नाही, काही नाही. शवविच्छेदनात एचसीएमच निघाला. त्या वेळी आम्हाला वाटलं उन्हानं झालं. आमच्या पेठेच्या टीमच्या पोरांचा ईसीजी काढा म्हणून मी वीस वर्षं ओरडतोय. जर्सीला पैसे मिळतात, ईसीजीला नाही.

शेरीनाला

कोल्हापूरकर सांगलीच्या धाग्यावर आले आणि पाणी सोडायचा विषय निघाला नाही, नोंद घ्यावी.

तंबोरा

अवांतर: मिरजेत सतारमेकर गल्लीजवळ राहतो. लहानपणापासून ऐकतोय, घोडीवर तार बसते तिथली जवारी बिघडली की कितीही सुरात लावा, सूर फाटतोच. कॅथलॅबकाकांचं 'भिंतच खराब' वाचून तेच आठवलं. तार बदलून उपयोग नाही. बाकी मला वैद्यकातलं काही कळत नाही.

वाईचीआक्का

मी निवृत्त शिक्षिका. वैद्यकातलं मलाही कळत नाही, पण माणसांतलं कळतं. कृष्णाकाठ, तुम्ही दादांबद्दल सगळं लिहिलंत. तुमचा स्वतःचा इको कधी झाला? दादांना मुलं किती? बहीण आहे का? रक्तातून येतो असं तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय आणि पुढे त्याचा एकही शब्द नाही.

कॅथलॅबकाका

आक्का, मी हेच विचारणार होतो. बहुतेक घराण्यांत एचसीएम आई-बापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, मुलगा असो वा मुलगी. म्हणून रुग्णाचे आई-वडील, भावंडं, मुलं, सगळ्यांचा ईसीजी आणि इको. मुलांचा आणि तरुणांचा दर वर्ष-दोन वर्षांनी, मोठ्यांचा तीन ते पाच वर्षांनी. एकदा नॉर्मल आला म्हणून सुटले असं नाही, उशिरानंही उगवतो.

कृष्णाकाठ

आक्का, खरं सांगतो. माझा इको झालेला नाही. सहा वर्षं टाळला.

बहीण आहे, कवठेमहांकाळला दिलीय. दादाला एकच मुलगी, वय २२. तिचं ताईच्या मुलाशी जमवायचं दोन्ही घरांत जवळपास ठरलंय. आमच्याकडे मामाची मुलगी करायची रीत तुम्हाला माहीतच आहे. आईचा हट्ट असा की लग्न होईपर्यंत या आजाराबद्दल ताईच्या सासरी अवाक्षर काढायचं नाही. 'हृदयाचं खोटं निघालं घराणं' म्हणतील. म्हणून पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं.

मिरजजंक्शन

यात आईंचं काय चुकलं? लग्नाआधी कुणी ढोल वाजवतं का? पोरगी ठणठणीत आहे. उद्या स्थळ मोडलं तर इथले सल्ले देणारे दुसरं बघून देणार आहेत का?

हरिपूररोड

पोरगी ठणठणीत आहे हे कुणी बघितलं? इको झालाय का तिचा?

कॅथलॅबकाका

मिरजजंक्शन, एक मिनिट लग्न बाजूला ठेवा आणि वंशावळ काढा. आजार वडिलांकडून आला असं धरलं, आणि ४८ व्या वर्षी फडात कोसळले म्हणजे तशी दाट शंका आहे, तर ताईलाही तो येण्याची शक्यता दादाइतकीच होती. ताईच्या अंगात असेल तर तिच्या मुलात यायची निम्मी शक्यता. म्हणजे ज्यांच्यापासून लपवताय त्यांच्या घरात तो तीस वर्षांपूर्वीच नांदायला गेलेला असू शकतो. ताई जाताना घेऊन गेली.

आणि मुलगा-मुलगी दोघांतही तोच दोष निघाला, तर त्यांच्या दर मुलाला चारात एक वेळा तो दोन्ही बाजूंनी मिळणार. दोन्हीकडून आला की आजार फार लवकर आणि फार जोरात येतो, काही वेळा तान्हेपणीच.

वाईचीआक्का

लपवायचं कुणापासून, हाच प्रश्न उरतो. ताईच्या सासरचे लोक बाहेरचे. ताई आणि तिचा मुलगा तुमच्याच रक्ताचे.

पंचगंगा

मी कुठेतरी वाचलं होतं की भारतीयांत हृदयाच्या एका जनुकातली २५ अक्षरं गळालेली असतात, शंभरातल्या चार जणांत. मग आमच्या पेठेत मोजायला बसलं तर...

कॅथलॅबकाका

ते खरं आहे. एमवायबीपीसी३ नावाचा जनुक. २००९ मध्ये ते संशोधन आलं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात होते. दक्षिण आशियात साधारण शंभरात चार लोकांत तो तुकडा गळालेला सापडतो. पण घाबरू नका, त्यातले पुष्कळ लोक आयुष्यभर आजाराविना राहतात. म्हणून कुणीही उठून परस्पर जनुक तपासणी करू नये. आधी आजारी माणसाची करायची, त्यात नेमका दोष सापडला तरच नातेवाइकांत तोच शोधायला अर्थ. नाहीतर पैसे जातात आणि हातात कोडं येतं.

भडंगप्रेमी

पैशावरून. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालय असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच आहे. तुमची नेमकी प्रक्रिया यादीत बसते का ते तोच सांगेल. आणि अंदाजपत्रक लेखी मागा, मॅपिंगचा (हृदयातल्या विजेचा नकाशा काढतात त्याचा) आणि तारांचा खर्च धरलाय का विचारा. आमच्या वेळी एका ठिकाणी तो ऐनवेळी वर लावला होता. पुण्याला जायला कोयना एक्स्प्रेसपेक्षा स्वतःची गाडी बरी, येताना जांघ दुखते, पाय लांब करायला जागा लागते. आणि भडंग न्या. वॉर्डात सगळ्या नर्स ओळखीच्या होतात.

यवतेश्वर

परत येताना दर तासाला गाडी थांबवून चार पावलं चाला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कृष्णाकाठ

(पाच महिन्यांनी)

मंडळी, धागा वर काढतोय. मधे गायब होतो, माफी.

वडिलांचं पुण्याच्या डॉक्टरांना आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. एमआरआय केला, स्नायूत बरेच व्रण निघाले. ते म्हणाले, एएफचं अब्लेशन त्रासासाठी करू, पण तुमच्या वडिलांसारखं होऊ नये यासाठी आयसीडी हा वेगळा विषय आहे, त्याचंही ठरवा. यवतेश्वर ताईंनी लिहिलेलं दादाला वाचून दाखवलं होतं म्हणून त्याला हे एका झटक्यात कळलं. बैलाच्या ढुशीचं पण कळलं, त्यामुळे होकार द्यायला दीड महिना घेतला.

अब्लेशन झालं. आधी घशातून नळी घालून वरच्या कप्प्यात गुठळी नाही ना ते बघितलं. पूर्ण भूल. चार तास. नंतर सहा तास पाय न हलवता उताणं, ते दादाला सगळ्यात जड गेलं, कारण मोबाईल मी काढून घेतला होता. तिसऱ्या दिवशी घरी. अठराव्या दिवशी पुन्हा धडधड! आई देवापुढे बसली, मी काकांना इथून व्यक्तिगत निरोप पाठवला. पहिले तीन महिने असं होतं, भाजलेली जागा अजून ओली असते, त्यावरून निकाल लावायचा नसतो, असं त्यांनी आणि डॉक्टरांनीही सांगितलं. तीन महिन्यांनंतर एकदाच आला, पाऊण तास टिकला, आपोआप गेला. डॉक्टर म्हणतात बरं आहे, पण दुसऱ्यांदा लागणार नाही असं लिहून देत नाही. ॲसिट्रॉम चालू. आयसीडी मागच्या महिन्यात बसवलं. दादानं पहिला प्रश्न काय विचारला? अडतीतल्या वजनकाट्यावर उभं राहिलं तर चालतं का. चालतं. वेल्डिंगच्या दुकानापासून लांब राहायचं आणि मोबाईल डाव्या खिशात ठेवायचा नाही.

आता घरचं. माझा इको नॉर्मल. पोरीचा नॉर्मल. जनुक तपासणीत दादाचा दोष सापडला, तो माझ्यात नाही, पोरीत आहे.

आम्ही सगळे आईला कसं सांगायचं यावर खल करत बसलो होतो. तोवर पोरीनं स्वतःच आत्याला फोन केला. आमच्यासमोर, स्वयंपाकघरातून. "आत्या, माझ्यात आहे. तुझ्यात आहे का बघ आधी, मग माझं बघू." ताई दुसऱ्या दिवशी एसटीनं आली. इको झाला, पडदा १७ मिलीमीटर. तिला दोन वर्षं जिना चढताना दम लागत होता, सासरी वजनामुळे म्हणायचे. भाच्याचा इको नॉर्मल पण ईसीजी जरा वेगळा, त्याची जनुक तपासणी पाठवलीय. लग्नाचं सध्या कुणी बोलत नाही. दोघं फोनवर रोज बोलतात, एवढं मला माहीत आहे.

आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

वाईचीआक्का

बोलतील. ताईंची धाप कमी झाली की बोलतील. पोरीला माझा आशीर्वाद सांगा.

मिरजजंक्शन

मी जे लिहिलं होतं ते परत वाचलं. पोरीनं फोन केला ते बरं केलं. चुलते डॉक्टरांना काढ्याचं सांगून आले, डॉक्टर त्यांच्यावर ओरडले.

कॅथलॅबकाका

कृष्णाकाठ, ताईंच्या पडद्यामागे अडथळ्याचा दाब किती आहे ते इकोच्या कागदावर बघा. जिना चढताना दम आहे, म्हणजे बसल्या जागी नव्हे, जोर लावायला सांगूनही मोजला पाहिजे. तिथे कदाचित ते दुसरं, तीन मिलीवालं अब्लेशन चर्चेत येईल. घरात दोन वेगळी अब्लेशनं झाली तर पाहुण्यांना समजावताना माझं नाव सांगू नका.

शेरीनाला

तीन मिलीची व्यवस्था गल्लीतून होईल. :)

यवतेश्वर

दादांना सांगा, पहिला शॉक बसला तर घाबरून पळू नका, खाली बसा आणि डॉक्टरांना कळवा. लागोपाठ दोन बसले किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना. आणि एआरव्हीसीसारखी एचसीएमवाल्यांना सगळ्या व्यायामाची बंदी नसते, मध्यम चालणं चालतं, डॉक्टरांना विचारून. हरिपूरच्या रस्त्यानं संध्याकाळी फिरायला लावा.

नवासभासद२२

खूप छान माहिती. माझ्या मेव्हण्याला मागच्या महिन्यात स्टेंट घातलाय. त्यांनी अब्लेशन करून घ्यावं का?

भडंगप्रेमी

वरून सुरुवात करा. सगळं वाचा. डोळे उघडे ठेवून.